बॅडमिंटन सिंगल्समध्ये करिअर करायचंय? मग आधी कॅलेंडर वाचायला शिका

ज्युनिअर संपवून सिनिअरमध्ये पाऊल टाकणारी मुलं-मुली आणि त्यांचे आई-बाबा, यांच्यासाठी हे लिहितेय. मी स्वतः काही वर्षं खालच्या लेव्हलच्या इंटरनॅशनल स्पर्धा खेळले, आता ज्युनिअर खेळाडूंबरोबर स्पर्धांना जाते, आणि दर वर्षी एकच गोष्ट बघून जीव तुटतो. हातात सगळे स्ट्रोक्स आहेत, फिटनेस आहे, मेहनतीला तर तोडच नाही, आणि तरी एकवीस-बाविसाव्या वर्षी पोरं सोडून देतात. विचारलं की म्हणतात रिझल्ट येत नव्हते. पण त्यांची दोन वर्षांची स्पर्धांची यादी समोर ठेवून बसलं की कळतं, कुठे खेळायचं, कधी थांबायचं, कुठल्या पॉइंटसाठी किती दमायचं हे कुणी त्यांना सांगितलेलंच नाही. कोर्टवर शिकवणारे कोच पुष्कळ मिळतात हो, हे शिकवणारं कुणी भेटत नाही. म्हणून तिथूनच सुरुवात करूया.

रँकिंगचं गणित, वहीत मांडून

वर्ल्ड रँकिंग मागच्या ५२ आठवड्यांतल्या स्पर्धांवर ठरतं आणि त्यातले तुमचे सगळ्यात चांगले १० रिझल्ट धरले जातात. दहापेक्षा कमी खेळलात तर जेवढे आहेत तेवढ्यांची बेरीज. दर आठवड्याला वर्षभरापूर्वीचा एक आठवडा मागून गळतो आणि एक नवीन पुढे जोडला जातो. एवढंच आहे, पण याचा अर्थ नीट समजून घ्या. मागच्या मार्चमध्ये एखादी इंटरनॅशनल चॅलेंज जिंकून ४००० पॉइंट मिळवले असतील तर या मार्चमध्ये ते जाणार, तुम्ही खेळा किंवा घरी बसा. अशा वेळी पोरं घाबरतात आणि पॉइंट वाचवायला दुखऱ्या पायाने तीच स्पर्धा परत खेळायला जातात. त्याऐवजी आधीच चार महिने बघून ठेवायचं की कुठले पॉइंट कधी गळतायत आणि त्याच्या आसपास दोन-तीन स्पर्धा अशा ठेवायच्या की एखादी वाईट गेली तरी कोसळायला होणार नाही.

आता स्पर्धांचे थर. वर वर्ल्ड टूर, २०१८ पासून ही रचना आहे: सुपर १०००, ७५०, ५००, ३०० आणि सगळ्यात खाली सुपर १००. त्याच्या खाली इंटरनॅशनल चॅलेंज, मग इंटरनॅशनल सिरीज, मग फ्युचर सिरीज. जिंकल्यावर मिळणारे पॉइंट बघा: फ्युचर सिरीज १७००, इंटरनॅशनल सिरीज २५००, चॅलेंज ४०००, सुपर १०० ला ५५००, सुपर ३०० ला ७०००, आणि सुपर १००० ला १२०००.

हे सगळ्यांना पाठ असतं. पण हाच तक्ता आडवा वाचा. सुपर ३०० च्या मेन ड्रॉमध्ये (म्हणजे मुख्य स्पर्धेत) पहिलीच मॅच हरलात तरी १६७० मिळतात, म्हणजे फ्युचर सिरीज जिंकण्याएवढेच जवळपास. तिथे एकच मॅच जिंकून प्री-क्वार्टरला पोचलात तर २७५०, म्हणजे आख्खी इंटरनॅशनल सिरीज जिंकण्यापेक्षा जास्त. आणि सुपर १००० मध्ये पहिल्या राऊंडला बाहेर पडलं तरी ३०००. हे जेव्हा पहिल्यांदा वहीत लिहून बघितलं तेव्हा मला कळलं की आपण दोन वर्षं पाच-पाच मॅच जिंकून जे मिळवत होतो ते वरच्या दारातून आत गेलेला एका मॅचमध्ये मिळवतोय. म्हणजे खालच्या थरात आयुष्य काढायचं नसतं, तिथून शक्य तितक्या लवकर वर सरकायचं असतं.

पण म्हणून घाईघाईत वर उडी मारू नका, दुसरी बाजूपण आहे. सुपर ३०० च्या मेन ड्रॉमध्ये ३२ जण, त्यातले मोजकेच क्वालिफायिंगमधून, म्हणजे आधीच्या पात्रता फेरीतून येतात, बाकी रँकिंगवर थेट. रँकिंग कमी असेल तर क्वालिफायिंगच्या यादीतसुद्धा नाव लागत नाही, वेटिंगवर राहता, आणि तोवर त्या आठवड्यातली खालची स्पर्धा हातातून गेलेली असते. शिवाय ३२ च्या ड्रॉमध्ये सीड्स (रँकिंगवरून आधीच वेगवेगळ्या जागी ठेवलेले खेळाडू) आठच, म्हणजे तिसाव्या नंबरचा असो नाहीतर क्वालिफायर, पहिल्याच मॅचला टॉप सीड समोर येऊ शकतो. सहा महिने असं लागोपाठ पहिल्या राऊंडला हरलं की पॉइंट बरे दिसतात पण जिंकायची सवय मोडते, आणि ही सवय मोडणं फार महागात पडतं. मी मुलांना सांगते की तीनातली एक स्पर्धा अशी ठेव जिथे तू सेमीपर्यंत जाशील असं तुला मनातून वाटतं, एक बरोबरीची, आणि एक तुझ्यापेक्षा वरची.

अजून एक, एन्ट्री तुम्ही स्वतः भरू शकत नाही, तुमच्या देशाच्या संघटनेमार्फतच जाते. आणि एन्ट्रीची मुदत स्पर्धेच्या कितीतरी आठवडे आधी संपते. मुदत संपल्यावर नाव मागे घेतलं तर दंड लागतो. त्यामुळे संघटनेच्या ऑफिसात जो माणूस एन्ट्री बघतो त्याच्याशी लेखी बोला, मेल करा, उत्तर आलं नाही तर परत करा, फोनवर "हो हो टाकतो" यावर राहू नका. माझी एक स्पर्धा अशीच गेली होती, एन्ट्री पाठवायचीच राहिली आणि मला कळलं तेव्हा मुदत संपून तीन दिवस झाले होते. तेव्हापासून प्रत्येक एन्ट्रीचा स्क्रीनशॉट ठेवायला लागले.

(वर पोचलात की प्रश्न उलटा होतो. सिंगल्समध्ये पहिल्या १५ मध्ये असलात तर वरच्या स्पर्धा खेळणं बंधनकारक असतं, मग आराम कुठे बसवायचा हा विचार करावा लागतो.)

पाय

स्ट्रोक्सबद्दल मी इथे लिहिणार नाहीये, ते कोर्टवरच शिकायचं. पण पायांबद्दल लिहितेच, कारण सिंगल्सचं करिअर किती वर्षं चालणार ते पायांवर ठरतं.

कोर्ट १३.४ मीटर लांब, सिंगल्सला रुंदी ५.१८ मीटर. तुमच्या वाट्याला अर्धं. ऐकायला लहान वाटतं, पण प्रत्येक रॅलीत पुढे-मागे वाकून, उडी मारून, थांबून, परत उलटं निघून यायचं असतं, आणि त्यातलं थांबणं सगळ्यात जास्त छळतं. पळण्याने गुडघे जात नाहीत, थांबण्याने जातात. त्यातही फोरहँडच्या पुढच्या कोपऱ्यातला लंज, म्हणजे एक पाय लांब पुढे टाकून वाकणं. उजव्या हाताने खेळत असाल तर उजवी टाच आधी टेकली पाहिजे, मग पाऊल, पंजाचं तोंड शटलच्या दिशेला, आणि गुडघा पंजाच्या रेषेतच. दमल्यावर होतं काय, की पंजा पुढे बघतो आणि गुडघा आत कोसळतो. पाच-सहा अंशांचा फरक असेल, बघणाऱ्याला दिसतही नाही. अशा दिवसातून तीनशे-चारशे लंज.

यासाठी एक साधी तपासणी सांगते. आपले जुने शूज उलटे करून बघा. उजव्या हाताच्या खेळाडूचा डावा शूज अंगठ्याच्या आतल्या कडेला घासलेला असायला हवा, कारण लंजमध्ये मागचा पाय आतल्या कडेवर ओढत आणायचा असतो, त्यानेच ब्रेक लागतो. ती कड कोरी असेल तर अर्थ असा की तुमचा मागचा पाय जागेवर खिळतोय आणि सगळा धक्का एकटा उजवा गुडघा खातोय. मी एका सोळा वर्षांच्या मुलीचे शूज असे बघितले होते, डावा जवळपास नवा आणि उजव्याच्या टाचेचं रबर पार गेलेलं. तिला गुडघ्याच्या वाटीखाली दुखायचं आणि सगळे तिला मांडीचे व्यायाम सांगत होते. व्यायाम हवेतच, पण तिचं खरं काम मागचा पाय ओढायला शिकण्याचं होतं. शॅडोमध्ये हळू स्पीडने रोज वीस मिनिटं, शटलशिवाय, फक्त तेवढंच. दोन-अडीच महिने लागले.

आठवड्याची प्रॅक्टिस कशी असावी हे प्रत्येकाचं वेगळं, पण एक चूक सगळीकडे दिसते: मल्टी-शटल (कोच एकामागून एक शटल टाकत राहतो तो सराव) फार, मॅचसारखं खेळणं कमी. मल्टी-शटलमध्ये शटल कुठून येणार ते माहीत असतं, पाय आपोआप निघतात. सिंगल्समध्ये खरं काम समोरच्याच्या रॅकेटला शटल लागायच्या क्षणी दोन्ही पायांवर हलकी उडी घेऊन टेकण्याचं, ज्याला स्प्लिट स्टेप म्हणतात. तिचं टायमिंग फक्त जिवंत माणसासमोर येतं. म्हणून हाफ कोर्ट सिंगल्स, एकाविरुद्ध दोन, असं जास्त करा.

मॅचच्या दिवशी

हॉलमध्ये गेल्या गेल्या पहिलं काम ड्रिफ्ट बघायचं. एसीची हवा कुठून येते, शटल कुठल्या बाजूला वाहतं. शटल जेमतेम पाच ग्रॅमचं, नियमात ४.७४ ते ५.५० ग्रॅम, १६ पिसं. त्याला हवेची झुळूकही पुरते. एका एंडवरून टॉस (उंच, लांब फटका) मारला की बॅकलाइनच्या बाहेर जातो, दुसऱ्या एंडवरून तोच टॉस मिड-कोर्टला पडतो. शटलचा स्पीड तपासायची रीत नियमातच आहे: बॅकलाइनवरून पूर्ण ताकदीने अंडरहँड मारायचं, ते समोरच्या बॅकलाइनच्या ५३ ते ९९ सेंटिमीटर अलीकडे पडलं पाहिजे. नॉकमध्ये, म्हणजे मॅचआधीच्या वॉर्म-अपमध्ये, हे दोन्ही बाजूंनी करून बघा, लाजू नका.

आता नाणेफेक जिंकलात तर बहुतेक जण सवयीने सर्व्हिस मागतात. ड्रिफ्टचा हॉल असेल तर मी एंड मागते, आणि तीही अवघड बाजू. का ते सांगते. पहिला गेम अवघड बाजूला, दुसरा सोप्या बाजूला, तिसरा परत अवघड बाजूला सुरू होणार पण ११ पॉइंटला एंड बदलतात, म्हणजे मॅचचे शेवटचे पॉइंट तुम्ही सोप्या बाजूने खेळणार. १९-१९ ला लिफ्ट (उंच उचललेलं शटल) आत राहील की बाहेर जाईल ही धाकधूक समोरच्याला असू दे. अर्थात पहिला गेम हरलो की मुळापासून हलणारे खेळाडू असतात, त्यांनी सोपी बाजू घ्यावी, स्वतःचा स्वभाव ओळखून ठरवा.

११ पॉइंटला ६० सेकंदांचा ब्रेक, दोन गेमच्या मध्ये २ मिनिटांचा. या ६० सेकंदात कोच पाच गोष्टी सांगतात आणि खेळाडू मान हलवतो आणि कोर्टवर जाऊन त्यातली एकही करत नाही. एक गोष्ट ठरवा. "बॅकहँडच्या मागच्या कोपऱ्यात लांब," बास, एवढंच. खालच्या स्पर्धांमध्ये तर पुष्कळदा कोच बरोबर नसतोच, परवडत नाही. मग आदल्या दिवशी स्वतःच एका कागदावर तीन ओळी लिहून बॅगच्या वरच्या कप्प्यात ठेवायच्या, आणि दुसऱ्या कुणा खेळाडूला मागे बसायला सांगायचं, त्याच्या मॅचला तुम्ही बसा. मी असं एका परक्या देशातल्या मुलीसाठी बसायचे, तिची भाषा मला येत नव्हती आणि माझी तिला, बोटाने "लांब" आणि "जवळ" एवढंच दाखवायचो, आणि त्याचाही खूप आधार वाटायचा.

मॅच बघायच्या असतील तर २०१७ च्या ग्लासगोच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपची फायनल बघा, सिंधू विरुद्ध जपानची नोझोमी ओकुहारा. ११० मिनिटं चालली, १९-२१, २२-२०, २०-२२, त्यात एक रॅली ७३ शॉट्सची, आणि सिंधू हरली. मग लगेच २०१९ ची बासेलची फायनल लावा. त्याच दोघी, आणि सिंधू २१-७, २१-७ ने जिंकली, ३८ मिनिटांत. दोन्ही पाठोपाठ बघितल्या की कळतं की पहिल्या मॅचमध्ये सिंधू ओकुहाराला हव्या त्या लांब रॅलींमध्ये अडकत गेली होती, आणि दुसऱ्या मॅचमध्ये शटल वरून, लवकर आणि फ्लॅट घेऊन ती रॅली लांबूच देत नव्हती. मला वाटतं सिंगल्स शिकणाऱ्या प्रत्येकाने या दोन मॅच पेन-वही घेऊन बघाव्यात, रॅली कितव्या शॉटला संपली तेवढं जरी लिहिलं तरी पुष्कळ.

पैसे

थोडक्यात आणि खरं सांगते. सुपर १००० मध्ये सिंगल्स जिंकणाऱ्याला एकूण बक्षिसाच्या रकमेतले ७ टक्के मिळतात, उपविजेत्याला ३.४ टक्के, आणि पहिल्या राऊंडला हरणाऱ्याला ०.१ टक्का. म्हणजे सत्तर पट फरक, आणि हा सगळ्यात वरच्या स्पर्धेतला. खालच्या थरात तर बक्षिसातून प्रवासखर्चही निघत नाही. त्यामुळे पहिली तीन-चार वर्षं पैसा बक्षिसातून येणार नाही असं धरूनच चाला: नोकरी देणाऱ्या संस्था, रॅकेट आणि कपडे देणारे स्पॉन्सर, युरोपातल्या क्लब लीग, घरचे. क्लब लीगबद्दल लोकांना कमी माहिती असते, जर्मनी आणि डेन्मार्कच्या लीगमध्ये बाहेरच्या देशांतले कितीतरी खेळाडू खेळतात आणि त्याच मुक्कामात आसपासच्या इंटरनॅशनल सिरीज खेळून घेतात, एका प्रवासात दोन कामं होतात. स्पॉन्सरचं कॉन्ट्रॅक्ट सही करण्याआधी दुखापत झाल्यावर काय होणार ते वाक्य शोधा. ते वाक्यच नसेल तर घालायला सांगा.

दुखापत

टेनिससारखा मेडिकल टाइमआऊट बॅडमिंटनमध्ये नाही. कोर्टवर पाय मुरगळला तर डॉक्टर येऊन बघतात, पण बसून उपचार करून घ्यायला वेळ मिळत नाही, खेळा किंवा सोडा. म्हणून हा निर्णय आधीच घेतलेला असावा: काय झालं तर मी मॅच सोडणार. गुडघ्यात आवाज आला, पायावर वजन टाकता येत नाही, पोटरीच्या खाली कुणीतरी लाथ मारल्यासारखं वाटलं, या तिन्हीत स्कोर बघायचा नाही.

स्पेनच्या कॅरोलिना मरीनचं बघा. २०१६ ची ऑलिम्पिक चॅम्पियन. जानेवारी २०१९ मध्ये इंडोनेशिया मास्टर्सच्या फायनलला साईनाविरुद्ध १०-४ ने पुढे असताना उजवा गुडघा गेला, लिगामेंट. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये चायना ओपन जिंकून ती परत आली. मग २०२१ मध्ये डावा गुडघा, टोकियो हुकलं. मग पॅरिस २०२४, सेमीफायनल, पहिला गेम जिंकलेला, दुसऱ्यातही पुढे, आणि परत उजवा गुडघा. ती गुडघ्याला बेल्ट बांधून परत उभी राहिली, दोन पॉइंट खेळली आणि मग थांबावंच लागलं. मी ती मॅच बघताना रडले होते. पण तिच्याकडून शिकायचं ते मला २०१९ चे ते आठ महिने वाटतात. ऑपरेशन झालेल्या खेळाडूला सगळे "कधी परत येतेस" विचारतात, आणि त्या प्रश्नाच्या दबावाखाली मुली चार-पाच महिन्यांत कोर्टवर येतात. तारखेवर परत यायचं नसतं. दुखऱ्या पायावर उडी मारून टेकल्यावर तो दुसऱ्या पायाएवढाच स्थिर आहे का, ताकद दोन्हीकडे जवळपास सारखी आहे का, हे फिजिओने मोजून सांगितल्यावर यायचं. आणि लांब दुखापत असेल तर रँकिंग जपून ठेवण्यासाठी अर्ज करायची सोय नियमांत आहे, ती संघटनेमार्फत विचारा, बऱ्याच जणांना ती आहे हेच माहीत नसतं.

औषधांचंही इथेच सांगते. सर्दीची गोळी, ताकदीची पावडर, काहीही घेताना आधी बंदी असलेल्या यादीत बघा, "डॉक्टरने दिली होती" हे कारण चालत नाही. आणि रँकिंग वर गेलं की टेस्टिंग पूलमध्ये (डोपिंग टेस्टसाठी निवडलेल्या खेळाडूंच्या यादीत) नाव येतं, मग रोजचा एक तास तुम्ही कुठे असणार ते आधी कळवावं लागतं. १२ महिन्यांत तीनदा चुकलं तर तो नियमभंग धरतात, शरीरात काही सापडलं नसलं तरी. प्रवासाचा प्लॅन बदलला की विमानतळावर बसल्या बसल्या पहिलं हे अपडेट करायचं.

कधी थांबायचं

चीनचा लिन डॅन आणि मलेशियाचा ली चाँग वेई दोघंही छत्तिशीत निवृत्त झाले, पण ते त्यांचं शरीर होतं आणि त्यांच्यामागे आख्खी टीम होती. थायलंडची रॅटचनोक इंतानोन दुसऱ्या टोकाला, २०१३ मध्ये १८ व्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियन. वयावरून तुमचं काही ठरत नाही. मी दर डिसेंबरला मुलांना तीन प्रश्न लिहून उत्तरं मागते: यावर्षी माझ्यापेक्षा वरच्या किती जणांना हरवलं, किती आठवडे दुखण्यामुळे गेले, आणि पुढच्या वर्षीच्या खर्चाची सोय आहे का. तिन्ही उत्तरं लागोपाठ दोन वर्षं बिघडत जात असतील तर बसून बोलायचं, ओरडून नाही, शांतपणे. काही जण त्यानंतर डबल्सकडे वळले आणि छान खेळतायत, काही कोच झाले, काही स्पॅरिंगसाठी, म्हणजे सरावात समोर खेळायला, वरच्या खेळाडूंबरोबर फिरतात आणि त्यात त्यांना मजा येते.

आणि थांबायचं ठरलंच, तर टेस्टिंग पूलमध्ये असाल तर निवृत्तीचं लेखी कळवा, नुसतं खेळणं बंद करून चालत नाही, चुकलेल्या टेस्ट मोजल्या जात राहतात. पुढे परत यावंसं वाटलं तर सहा महिने आधी लेखी कळवून टेस्टिंगसाठी हजर राहावं लागतं, तोपर्यंत स्पर्धा खेळता येत नाही. त्यामुळे हरल्याच्या रात्री ते पत्र पाठवू नका, एक महिना जाऊ दे, मग पाठवा.